कार्ड बदललं तरी खोटे व्यवहार थांबत नाहीत? गळती नेमकी कुठे आहे ते असं शोधा

तक्रार साधारण अशी येते. क्रेडिट कार्डावर अनोळखी व्यवहार दिसतो. बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक केलं जातं, नवीन कार्ड येतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत नव्या कार्डावरही तसाच व्यवहार. पुन्हा ब्लॉक, पुन्हा नवीन कार्ड. तिसऱ्या खेपेला माणूस वैतागतो आणि म्हणतो, "बँकेतूनच माझी माहिती फुटतेय."

माझं कामच कार्डांच्या तक्रारी हाताळण्याचं आहे, आणि माझं मत ठाम आहे: दुसऱ्यांदा फसवणूक झाली की नुसतं कार्ड बदलून भागत नाही. अशा वेळी अनेकदा चोराला तुमच्या कार्डाचा नंबर माहीत असण्याची गरजच नसते. त्याच्याकडे तुमचं एखादं लॉगिन असतं, टोकन (फोनच्या वॉलेटमध्ये खऱ्या नंबराच्या जागी वापरला जाणारा दुसरा नंबर) असतं, तुमचा मेलबॉक्स उघडा असतो किंवा तुमच्या फोनवरच त्याची नजर असते. नवीन कार्ड आलं की तेही त्याच वाटेने त्याच्या हाती लागतं. म्हणून वाट आधी शोधायची, कार्ड त्यानंतर बदलायचं. एकच अपवाद: पैसे या क्षणी जात असतील तर.

पैसे आत्ता जात असतील तर

बँकेच्या ॲपमधून कार्ड लॉक करा आणि ऑनलाइन, आंतरराष्ट्रीय, टॅप असे सगळे पर्याय बंद करा. मग कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करा. नंबर सर्च करून शोधू नका. खोटे कस्टमर केअर नंबर तिथे पेरून ठेवलेले असतात, आणि घाबरलेला माणूस त्यांना सहज सापडतो.

लॉक आणि ब्लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच बँकांत तात्पुरता लॉक केल्यावर नवे व्यवहार थांबतात, पण दरमहा आपोआप कापली जाणारी सबस्क्रिप्शनं चालूच राहतात. खोटा व्यवहार त्याच प्रकारचा असेल तर लॉकचा काही उपयोग नाही. आणि कार्ड बदलून मागताना कारण स्पष्ट सांगा: "फसवणूक झाली आहे, नंबर बदलून हवा." कार्ड खराब झालं असं सांगितलं तर अनेकदा तोच नंबर, फक्त नवी मुदत आणि नवा सीव्हीव्ही छापून येतो.

तक्रार क्रमांक, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे लिहून घ्या. पुढे सगळं यावर अडतं.

व्यवहाराची जात ओळखा

इथे घाई करू नका. स्टेटमेंटवरची ओळ नुसती पाहिली तर नाव आणि रक्कम दिसते, पण त्या ओळीच्या मागे बँकेकडे बरंच काही असतं. साधा फोन उचलणाऱ्या प्रतिनिधीला ते दिसेलच असं नाही, म्हणून डिस्प्यूट विभागाशी, म्हणजे वादातले व्यवहार तपासणाऱ्या विभागाशी, बोलायचं आहे असं सांगा आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला, एंट्री मोड काय होता? कार्डाची माहिती व्यवहारात कशी शिरली, याचा हा दोन अंकी कोड असतो. ०५ म्हणजे चिप वाचली गेली, ०७ म्हणजे टॅप, ९० म्हणजे चुंबकीय पट्टी, ०१ म्हणजे नंबर हाताने टाकला, आणि १० म्हणजे व्यापाऱ्याकडे आधीपासून साठवलेलं कार्ड वापरलं. दुसरा प्रश्न, सीव्हीव्ही मागितला गेला होता का, आणि जुळला का? तिसरा, ३-डी सिक्युअर, म्हणजे ओटीपी किंवा ॲपमधली मंजुरी, झाली होती का?

या तीन उत्तरांवरून निम्मा शोध लागतो. कार्ड तुमच्या खिशात आहे आणि एंट्री मोड ०७ येतो, तर कुणीतरी तुमचं कार्ड स्वतःच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये भरलं आहे असा संशय घ्यायला हवा. १० येतो, तर एखाद्या संकेतस्थळावरचं तुमचं खातं किंवा जुनं सबस्क्रिप्शन तपासा. सीव्हीव्ही जुळला असेल तर तो तुम्ही कुठेतरी टाइप करताना टिपला गेला, कुणी कार्डावरून उतरवून घेतला, किंवा अंदाजाने शोधून काढला. आणि ओटीपीही बरोबर पडला असेल, तर तुमचा फोन, तुमचं सिम किंवा तुमचाच विश्वास वापरला गेला आहे.

नव्या कार्डाचा नंबर स्वतःहून पोचतो तेव्हा

हे ऐकून सगळ्यात जास्त लोक चकित होतात. व्हिसाची अकाउंट अपडेटर आणि मास्टरकार्डची ऑटोमॅटिक बिलिंग अपडेटर अशा सेवा आहेत. तुमचं कार्ड बदललं की नवा नंबर आणि नवी मुदत, कार्ड साठवून ठेवलेल्या व्यापाऱ्यांपर्यंत या सेवांमार्फत पोचू शकते. हेतू चांगला आहे: विम्याचा हप्ता चुकू नये, इंटरनेट बंद पडू नये. पण त्या व्यापाऱ्याकडचं तुमचं खातं चोराच्या ताब्यात असेल, किंवा तो व्यापारीच लबाड असेल आणि फुकट चाचणीच्या नावाखाली तुम्हाला सबस्क्रिप्शनमध्ये अडकवलं असेल, तर नवं कार्ड त्याच्याकडे घरपोच गेल्यासारखंच झालं.

बँकेला विचारा की या अपडेटर सेवेतून माझं कार्ड वगळता येईल का. बऱ्याच बँका वगळतात, पण स्वतःहून सांगत नाहीत. त्याच फोनवर हेही सांगा की अमुक व्यापाऱ्याच्या सगळ्या आवर्ती वसुली थांबवा. आणि बँकेवर विसंबून न राहता त्या व्यापाऱ्याकडे स्वतः रद्द करण्याची मागणी लेखी पाठवा. तो मेल पुढे पुरावा म्हणून लागतो.

वॉलेटचं प्रकरण याहून अवघड. फोनमध्ये कार्ड भरलं की खरा नंबर साठवला जात नाही, त्याच्या जागी टोकन नावाचा दुसरा नंबर तयार होतो. सुरक्षेसाठी ही रचना उत्तम आहे. मात्र बँक कार्ड बदलताना जुनी टोकनं नव्या कार्डाला जोडून देऊ शकते, म्हणजे तुमच्या फोनवरचं पेमेंट न अडता चालू राहतं. चोराने स्वतःच्या फोनवर तुमचं कार्ड भरलेलं असेल, तर त्याचंही टोकन त्याच सोयीने जिवंत राहतं.

हे टोकन त्याला मिळतं कसं? "तुमचं पार्सल अडकलंय, किरकोळ शुल्क भरा" अशा मेसेजमधून. तुम्ही त्या खोट्या पानावर कार्ड भरता, मग ओटीपी येतो, तोही भरता. तो ओटीपी शुल्क भरण्यासाठी नसतोच. त्या मेसेजमध्ये कार्ड वॉलेटमध्ये जोडण्यासाठीचा कोड असल्याचं लिहिलेलं असतं, आणि घाईत आपण फक्त अंक पाहतो. ओटीपीचा मेसेज अंकांच्या आधीच्या शब्दांसकट वाचायचा, ही एक सवय लावून घेतलीत तरी मोठा धोका टळतो.

बँकेला नेमकं असं विचारा: "या कार्डावर सध्या किती टोकनं चालू आहेत, कोणत्या उपकरणांवर, आणि ती कधी जोडली गेली?" तुमच्या फोन आणि घड्याळापलीकडे एखादं उपकरण निघालं की गळती सापडली. सगळी टोकनं रद्द करायला सांगा, स्वतःची नंतर पुन्हा जोडता येतात. काही बँकांच्या ॲपमध्ये ही यादी तुम्हालाच दिसते, ती महिन्यातून एकदा उघडून बघा.

ईमेल आणि फोन

व्यवहार तुमच्याच एखाद्या खरेदीच्या खात्यातून झाला असेल, तर फक्त त्या खात्याचा पासवर्ड बदलू नका. आधी ईमेल बघा. चोर मेलबॉक्समध्ये शिरला असेल तर तो कुठलाही पासवर्ड पुन्हा बदलून घेऊ शकतो. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. बँकेचे किंवा ऑर्डरचे मेल आपोआप कचऱ्यात किंवा भलत्याच पत्त्यावर पाठवणारा नियम चोराने तिथे लावून ठेवलेला सापडतो, आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. तो काढा, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, रिकव्हरीचा फोन आणि मेल तुमचाच आहे ना ते बघा, मग पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. एकाएकी शेकडो निरर्थक न्यूजलेटरं येऊ लागली, तर त्या ढिगाऱ्याखाली खरेदीची एखादी खरी पावती लपवली जात असण्याची शक्यता मोठी आहे.

फोनमध्ये स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी ॲप आहेत का ते पाहा. "केवायसी अपडेट", "रिफंड" अशा निमित्ताने ती टाकायला लावतात आणि मग ती तशीच राहतात. कोणत्या ॲपला एसएमएस वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची (म्हणजे स्क्रीनवरचं वाचून तुमच्या वतीने बटणं दाबण्याची) परवानगी आहे, ही यादी उघडा. लिंकवरून डाउनलोड केलेलं, ॲप स्टोअरबाहेरचं काही दिसलं तर ते काढण्यापेक्षा महत्त्वाचा डेटा घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करणं मला जास्त खात्रीचं वाटतं. आणि फोनचं नेटवर्क काही कारण नसताना तासन् तास गायब असेल तर लगेच मोबाइल कंपनीला दुसऱ्या फोनवरून विचारा की माझ्या नंबराचं सिम दुसऱ्या कुणी बदलून घेतलं आहे का.

कार्ड कुठे वापरलंच नाही, तरी?

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. कार्ड पाकिटातून काढलेलंच नाही, मग नंबर फुटला कसा? तो बहुधा फुटलेला नसतो, अंदाजाने मोजून काढलेला असतो.

कार्डाचा नंबर लॉटरीसारखा काढलेला नसतो. १६ अंकी नंबरातले सुरुवातीचे ६ किंवा ८ अंक बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात आणि ते गुपित नसतात. शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून लून सूत्राने काढलेला तपासणी अंक असतो. सुरुवातीचे ८ अंक माहीत असतील तर मधले फक्त ७ अंक उरतात, म्हणजे १ कोटी शक्यता. संगणकासाठी ही संख्या काहीच नाही. मुदत पाच वर्षांची धरली तर महिने ६०, आणि तीन अंकी सीव्हीव्हीच्या शक्यता १०००. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की हे अंदाज अनेक संकेतस्थळांवर वाटून दिले, तर एकाही ठिकाणी शंका न येता मुदत आणि सीव्हीव्ही काही सेकंदांत सापडू शकतात.

याची खूण ओळखू येते. नगण्य रकमेचे प्रयत्न, बहुतेक नाकारलेले, काही मिनिटांच्या अंतराने, कधीही न ऐकलेल्या व्यापाऱ्याकडे. नाकारलेले व्यवहार स्टेटमेंटवर येत नाहीत, म्हणून ते बँकेला विचारावे लागतात. असं चित्र दिसलं तर तुमच्या फोनमध्ये किंवा मेलमध्ये काही शोधत बसू नका. नंबर बदला आणि ऑनलाइन वापर लागेल तेव्हाच चालू करा. अशा वेळी "तुम्हीच कुठेतरी माहिती दिली असेल" असं कुणी म्हटलं, तर नाकारलेल्या प्रयत्नांची यादी मागा. तीच सगळं सांगते.

कार्ड ऑनलाइन वापरलं असेल तर दुसरी शक्यता, ज्या खऱ्या संकेतस्थळावर तुम्ही नेहमी खरेदी करता, तिथल्या पेमेंट पानातच चोराचा कोड बसलेला असणं. सीव्हीव्ही साठवायला व्यापाऱ्यांना पीसीआय डीएसएस या सुरक्षा नियमावलीने मनाई आहे, म्हणून चोर तो टाइप होतानाच उचलतात. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर नेमकं हेच झालं होतं. पत्ता बरोबर, कुलपाचं चिन्ह बरोबर, तरी माहिती बाहेर. प्रत्येक नवं कार्ड त्याच एका ठिकाणी पहिल्यांदा वापरल्यावर फसवणूक होते असं लक्षात आलं, तर ते ठिकाण सोडा आणि बँकेलाही कळवा, कारण तिथून इतरांचीही माहिती जात असणार.

घरातल्या ॲड-ऑन कार्डाचा, मुलांच्या गेममधल्या खरेदीचा आणि विसरलेल्या वार्षिक नूतनीकरणाचाही विचार करा. व्यापाऱ्याचं दुकानाचं नाव एक आणि स्टेटमेंटवरचं नाव दुसरंच, हे सर्रास घडतं. हे आधी तपासायचं कारण असं की चुकीच्या नावाखाली तक्रार गेली तर ती हरते.

तक्रार कशी लिहायची

फसवणूक आणि वाद यांचे रस्ते वेगळे आहेत. तुम्ही व्यवहार केलाच नाही, तर ती फसवणूक. व्हिसाच्या यादीत कार्ड समोर नसताना झालेल्या फसवणुकीचा कोड १०.४ आहे, मास्टरकार्डच्या यादीत ४८३७. सबस्क्रिप्शन तुम्ही घेतलं होतं पण रद्द केल्यावरही पैसे कापले, तर तो वाद, व्हिसाचा कोड १३.२. रागाच्या भरात दुसऱ्याला पहिलं म्हटलं की व्यापारी तुमच्या जुन्या, खऱ्या खरेदीचे पुरावे पाठवतो आणि तुम्ही खोटे ठरता. या दाव्यांसाठी कार्ड कंपन्यांची मुदत सर्वसाधारणपणे १२० दिवसांची असते, पण तेवढं थांबू नका.

फोन झाल्यावर त्याच दिवशी लेखी तक्रारही करा. अर्ज लांबवू नका. प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, स्टेटमेंटवर दिसतं तसंच व्यापाऱ्याचं नाव, आणि "हा व्यवहार मी केलेला नाही, कोणालाही अधिकार दिलेला नाही, त्या वेळी कार्ड माझ्याजवळ होतं" एवढी वाक्यं पुरतात. ओटीपी सांगून बसला असाल तर ते लपवू नका. बँकेकडे नोंदी असतात, आणि एक खोटं सापडलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही. व्यवहार अजून पेंडिंग असेल तर तो पक्का होऊन खात्यावर चढल्यावरच औपचारिक दावा घेतला जातो असं सांगतील. तरी सूचना दिल्याची नोंद आजच करून घ्या, कारण तुमची जबाबदारी किती हे ठरवताना हीच वेळ मोजली जाते.

नियम देशागणिक बदलतात, पण वेळेचं महत्त्व सगळीकडे सारखं. भारतात रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवलं की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची, आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. शिवाय तिथे १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. अमेरिकेत १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टखाली अनधिकृत वापरासाठी ग्राहकाची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर, आणि स्टेटमेंटवरच्या चुकीची लेखी हरकत ६० दिवसांत. युरोपीय संघात मर्यादा सर्वसाधारणपणे ५० युरो आणि कळवण्याची कमाल मुदत १३ महिने.

बँक सगळ्यात जास्त अडून बसते ती ओटीपी पडलेल्या व्यवहारांवर. याचं कारण समजून घ्या. ३-डी सिक्युअर पूर्ण झालं की नुकसानीची जबाबदारी व्यापाऱ्याच्या बँकेकडून तुमच्या बँकेवर येते, म्हणजे तिला पैसे दुसऱ्याकडून वसूल करता येत नाहीत. "ओटीपी वापरला गेला, म्हणजे तुम्हीच केलं" एवढ्या उत्तरावर फाइल बंद होऊ देऊ नका. ओटीपी कोणत्या नंबरावर, किती वाजता गेला, व्यवहार कोणत्या उपकरणावरून आणि आयपी पत्त्यावरून झाला, त्याआधी मोबाइल नंबर किंवा मेल बदलला गेला होता का, हे लेखी मागा. सिम बदललं गेलं असेल तर मोबाइल कंपनीकडून तारीख-वेळेसह पत्र घ्या. तरीही नकार आला तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि तिथून लोकपालासारख्या बाहेरच्या यंत्रणेकडे जा. पोलिसांकडच्या तक्रारीची पोच सोबत जोडा.

वादातली रक्कम वगळून बाकीचं बिल मात्र वेळेवर भरा. त्या रकमेवर व्याज आणि दंड थांबवल्याचं बँकेकडून लेखी घ्या, नाहीतर फसवणुकीचे पैसे परत मिळतात आणि क्रेडिट स्कोअर मात्र खाली गेलेला असतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

मला सगळ्यात उपयोगी वाटलेली मांडणी साधी आहे. ऑनलाइन खरेदीसाठी कमी मर्यादेचं एक कार्ड, आणि आवर्ती हप्त्यांसाठी दुसरं, जे बाकी कुठेही वापरायचं नाही. मग खोटा व्यवहार कोणत्या कार्डावर आला यावरूनच शोध अर्ध्यावर येतो. प्रत्येक रकमेसाठी अलर्ट चालू ठेवा, किमान रकमेची अट काढून टाका, कारण चोर आधी छोट्या रकमेनेच चाचपणी करतो. आंतरराष्ट्रीय वापर बंद ठेवा, गरजेपुरता उघडा. बँक एकदाच वापरायचे व्हर्च्युअल नंबर देत असेल तर अनोळखी संकेतस्थळांसाठी तेच वापरा.

एकदा फसलेल्या माणसाला पुन्हा फोन येतो, हेही ध्यानात असू द्या. "आम्ही बँकेच्या फ्रॉड विभागातून बोलतोय, तुमचे पैसे परत करायचे आहेत" असं म्हणणाऱ्याला तुमचं नाव, कार्डाचे शेवटचे चार अंक, कधी कधी खोट्या व्यवहाराची रक्कमही माहीत असते. असणारच, तो व्यवहार त्यांच्याच टोळीने केलेला असू शकतो. पैसे परत मिळण्यासाठी ओटीपी लागत नाही, आगाऊ शुल्कही लागत नाही. फोन ठेवा आणि कार्डामागच्या नंबरावर स्वतः फोन करा.

नवीन कार्ड आल्यावर पहिली दोन बिलं ओळीओळीने वाचा, आणि बँकेला नाकारलेल्या प्रयत्नांबद्दलही विचारा. त्या काळात काहीच आलं नाही, तर वाट बंद झाली असं समजायला हरकत नाही. पुन्हा काही आलं, तर नवं कार्ड मागण्याआधी एंट्री मोड विचारा.